ठकीचं नाक, घोड्याचं चाक

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटं येतात, नाणी येतात, फार तर काड्यापेट्यांची लेबलं येतात. असले छंद असणाऱ्यांकडे लोक कौतुकानं बघतात. पण पंचेचाळिशी उलटलेली, कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई जुन्या बाहुल्या आणि मोडके लाकडी घोडे गोळा करते म्हटल्यावर समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "मुलगी लहान आहे का हो तुमची?" मुलगी इंजिनिअरिंगला आहे. खेळणी माझी आहेत.

आजघडीला माझ्या कपाटात त्रेसष्ट नग आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक लंगडे, थोटे, टकले किंवा रंग उडालेले असे आले. काही दुरुस्त झाले, काहींना मी मुद्दाम तसंच ठेवलं. कुणाला दुरुस्त करायचं आणि कुणाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यातच या छंदाची खरी गोडी आहे आणि खरी डोकेदुखीही. आमच्या घरी येणारे पाहुणे मात्र नेमकं तेच विचारतात, "एवढं करता, तर मग याला छान रंग का नाही देत?"

या छंदाला आमच्या बेळगावाइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळं, पाट आणि पांगुळगाडे सीमाभागातल्या कितीतरी माळ्यांवर आजही पडून आहेत. आपल्याच जिल्ह्यात गोकाक आहे, तिथली रंगवलेली फळं आणि चित्रं प्रसिद्ध. थोडं पुढे गेलं की कोप्पळजवळचं किन्नाळ, तिथली चित्रगारांची घराणी. आणखी खाली बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण. लग्न, बदली, यात्रा, व्यापार या ना त्या निमित्तानं या सगळ्या गावांची खेळणी बेळगावच्या घराघरांत येऊन मिसळली. एकाच ट्रंकेत सावंतवाडीचा घोडा, किन्नाळची गौर आणि मुंबईहून आणलेली जपानी बाहुली शेजारी शेजारी झोपलेली मी पाहिली आहे.

दिसायला सगळी "जुनी लाकडी खेळणी" असली तरी प्रत्येकाची जात वेगळी असते, आणि ती ओळखल्याशिवाय फडकंसुद्धा लावू नये. चन्नपट्टणचं खेळणं लेथवर घडतं. लाकूड पारंपरिक पद्धतीनं काळ्या कुड्याचं, पांढरं आणि मऊसर. रंग ब्रशानं लावलेला नसतो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याच्या पानानं घासलं की तो आरशासारखा तकाकी देणारा थर तयार होतो. ही लाख पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे हळदीकुंकवाचा डाग काढायला कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर डागाबरोबर बाहुलीचं पोलकंही जातं.

किन्नाळचं काम याच्या उलट. हलक्या लाकडाचे तुकडे वेगवेगळे कोरून जोडतात. सांधे बुजवायला गोणपाटाच्या चिंध्या भिजवून, वाळवून, कुटून त्यात लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ घालून लगदा करतात. त्यावर पांढरा हात, आणि मग रंग. अशा जुन्या मूर्तीवर ओलं फडकं फिरवलं तर रंग फडक्यावर येतो. चिंचोक्याची खळ सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्याही हातातली. गंजिफाच्या पत्त्यांचं कापड ते याच खळीनं ताठ करत आले. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चित्रकारांना बसवून गंजिफा पुन्हा उभी केली, नाहीतर आज ती फक्त पुस्तकात राहिली असती. खेळण्यांच्या नशिबी मात्र राजवाडा नव्हता. ती घराघरांत वापरली गेली आणि घराघरांतच संपली.

आता ठकीविषयी. जुन्या मराठी घरांत लाकडी बाहुलीला ठकी म्हणत. माझ्याकडे जी आहे ती निपाणीच्या एका आत्येकडून आली. वीतभर उंचीची, एकाच लाकडातून कोरलेली. हात अंगाशी जोडलेले, पाय नाहीतच, लुगड्याच्या घोळातच शरीर संपतं. मोडण्यासारखं तिच्यात काहीच नाही. पोरींच्या तीन पिढ्यांनी तिला आंघोळी घातल्या, निजवलं, फरशीवरून फरफटत नेलं, तरी ती धड आहे. फक्त नाक नाही. जे सगळ्यात पुढे असतं ते सगळ्यात आधी जातं, हा न्याय ठकीलाही लागू.

आमच्या ओळखीच्या सुतारानं तिला बघताक्षणी सांगितलं, "बाई, दहा मिनिटांचं काम. नाक बसवून देतो." मी भिंगाखाली बघितलं. जिथे नाक असायला हवं तिथे लाकूड तुटलेलं नव्हतं. तुटलेल्या लाकडाची कड खरखरीत असते, रेषा फाटलेल्या दिसतात. इथे सगळं गुळगुळीत, जात्याच्या खुंट्यासारखं. म्हणजे हे नाक कुणी मोडलं नव्हतं, ते झिजलं होतं. पोरींच्या गालांनी, ओल्या हातांनी, पदरांनी ते थोडं थोडं करून नेलं होतं. नवं नाक बसवलं असतं तर ठकी सुंदर दिसली असती, पण मग तिच्या अंगावर त्या पोरींपैकी कोण उरलं असतं?

तेव्हापासून माझा एक नियम झाला: मोडलेलं जोडायचं, झिजलेलं ठेवायचं. हा नियम मी शोधलेला नाही. संग्रहालयांत काम करणारी मंडळी शब्द वेगळे वापरतात, पण ढोबळमानानं तेही हेच सांगतात. मूळ वस्तूवरचं जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवा, नवं जे कराल ते पुन्हा काढता येईल असं करा, आणि काय केलं ते लिहून ठेवा. यातला मधला भाग घरच्या दुरुस्तीत हटकून विसरला जातो. झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा थेंब टाकला की हात दोन सेकंदांत चिकटतो खरा, पण वाकडा चिकटला तर तो पुन्हा सोडवताना लाकडाचा थरच निघून येतो. जुन्या सुतारांचा सरस याबाबतीत फार समजूतदार. कोमट पाण्याची ओल आणि थोडी ऊब दिली की सांधा सोडतो. पुढे माझ्यापेक्षा शहाणं कुणी आलं तर त्याला माझं काम उलगडता आलं पाहिजे, ही सोय सरसात आहे.

पण हा नियम दिसतो तितका सोपा नाही, हे मला एका घोड्यानं शिकवलं.

शहापुरात एक जुना वाडा पाडून तिथे अपार्टमेंट होणार होतं. माळ्यावरची अडगळ खाली आली, तीत हा घोडा होता. दीड फूट उंच, पाटावर उभा, पाटाला चार चाकं. त्यातलं एक नाही. एक कान नाही. अंगावर दरवाजाला देतात तसला चकचकीत तपकिरी ऑइलपेंट. वाड्याच्या धन्यांनी तो मला देऊन टाकला, पण अट घातली, "मॅडम, हा मूळचा चिताऱ्याच्या रंगाचा होता म्हणे. वरचा रंग खरवडा आणि खालचा घोडा बाहेर काढून आम्हाला एकदा दाखवा."

मोह मलाही झाला. खरवडण्याआधी मी घोड्याच्या पोटाखाली, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढी जागा निवडली. सर्जनच्या पात्यानं एकेक थर उचलत गेले. तपकिरीखाली हिरवा, खिडक्यांना द्यायचे तो. हिरव्याखाली निळा. निळ्याखाली पुन्हा तपकिरी, पण फिका. आणि त्याखाली, अगदी लाकडालगत, पिवळ्या रंगावर लाल ठिपका. चार थर आणि मूळचा चितारी. मी धन्यांना फोन केला. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आम्ही पाच भावंडं. नवीन बाळ वर्षाचं झालं की दादा घोडा रंगवायचे. घराला त्या साली जो रंग असेल तो." म्हणजे पहिल्याला चिताऱ्याचा घोडा मिळाला आणि पुढच्या चौघांना एकेक नवा. मूळ घोडा बाहेर काढायचा तर चार भावंडांचे घोडे खरवडून फेकावे लागले असते.

घोडा आजही तपकिरीच आहे. पोटाखालची ती नखाएवढी खिडकी मात्र मी उघडीच ठेवली आहे. पाच रंगांचा तो लहानसा जिना भिंगाखाली फार देखणा दिसतो. (खरवडलं नाही त्याला दुसरंही कारण आहे. जुन्या तेलरंगात शिसं असण्याचा मोठा संभव असतो. पॉलिशकागदानं घासलं की ती धूळ नाकातोंडात जाते. म्हणून जुनं रंगवलेलं खेळणं घासू नये, आणि कितीही गोड दिसलं तरी तान्ह्या मुलाच्या हाती चोखायला देऊ नये.)

चाकाचं काय? चाक मोडून गेलं होतं, ते करणं भाग होतं. ते करून दिलं एका म्हाताऱ्या कातारीनं. मी उरलेल्या चाकाचं माप वर्तुळकानं काढून, कागदावर आखून घेऊन गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि तिन्ही चाकं मागून घेतली. हातात फिरवून म्हणाले, "पुढची दोन जास्त झिजलीत, मागचं कमी. पोरं दोरीनं पुढं ओढतात, पुढचं चाक उंबऱ्यावर आपटतं. तुमचं गेलेलं पुढचं की मागचं?" मागचं. "मग दोन सूत कमी करतो." नवं चाक त्यांनी मूळ मापापेक्षा दोन सूत लहान करून दिलं, आणि घोडा चारही चाकांवर सपाट उभा राहिला. मापानं केलं असतं तर एक पाय अधांतरी राहिला असता. इतकी वर्षं मी मुलांना पुराव्यांचं वाचन शिकवते. त्या दिवशी ते समोर बसून बघितलं. नव्या चाकाला मी जुनाट रंग दिला नाही. साधं तेल दिलं आहे, म्हणजे जवळून बघणाऱ्याला कळतं की हे नंतरचं. तुटलेला कान तसाच आहे. कानाशिवाय घोडा चालतो.

आता इथे एक आडवा प्रश्न येतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचं संग्रहालय करून त्या आणि चित्रकथीच्या पोथ्या जपल्या. २०२१ चा पद्मश्री त्यांना मिळाला. तिथल्या बाहुल्यांना नवे कपडे शिवतात, तोंडं पुन्हा रंगवतात, दोऱ्या बदलतात. मग माझा नियम तिथे का नाही? कारण त्या बाहुल्या अजून नोकरीत आहेत! त्यांना रात्री खेळ करायचा असतो, लांब बसलेल्या माणसाला डोळे दिसले पाहिजेत. त्यांच्यासाठी रंग म्हणजे आपल्या केसांचं तेल-पाणी. माझ्या कपाटातली मंडळी पेन्शनीत आहेत. पेन्शनरला तरुण दिसण्याची सक्ती करू नये, एवढंच.

लाकडाच्या खालोखाल माझ्याकडे जास्त आहेत त्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या. गुलाबी-पिवळट अंग, पोकळ, पिसासारख्या हलक्या. हात-पाय आतून रबरी दोरीनं जोडलेले. सेल्युलॉइड हा प्लॅस्टिकचा पणजोबा. अमेरिकेत १८७० च्या सुमारास हायट नावाच्या गृहस्थानं तो बाजारात आणला, तो बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. त्यात नायट्रोसेल्युलोज आणि कापूर असतो. तैवानचं कापराचं रान १८९५ पासून पन्नास वर्षं जपानच्या ताब्यात होतं, म्हणून जपान सेल्युलॉइडच्या खेळण्यांत पुढे गेला आणि स्वस्त जपानी बाहुल्या १९३० च्या दशकात आपल्या बाजारांत आल्या. जर्मन बाहुल्या त्याहून महाग. मानेमागे किंवा पाठीवर चौकटीत कासवाची खूण असेल तर ती जर्मनीतल्या एका जुन्या कारखान्याची. बाहुली उचलली की मी आधी तिची मान बघते. लग्नाच्या वयाच्या मुलीसारखी तोंडावरून तिची पारख करायची नसते.

सेल्युलॉइड ओळखायची सोपी युक्ती म्हणजे अंगठ्यानं एखादी जागा जोरात चोळायची आणि लगेच वास घ्यायचा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. काहीजण तापवलेली सुई टोचून बघायला सांगतात, तसलं काही करू नये. हा पदार्थ भडकन पेटतो. जुन्या सिनेमांच्या रिळांना आगी लागत त्या याच्याच. टेबल टेनिसचे चेंडू २०१४ पर्यंत याचेच होते, त्यांना काडी लावून बघितलेल्या मुलांना मी काय म्हणते ते कळेल. आपल्याकडे चैत्रगौरीच्या आराशीत जुन्या बाहुल्या समईशेजारी मांडतात. त्यांतली एखादी कापूर-वासाची असेल तर तिला समईपासून दूर बसवा. नेलपॉलिश काढायचं औषध तिच्या आसपासही नको, त्यात ती विरघळते.

अशीच एक बाहुली तीन वर्षांपूर्वी माझी जुनी विद्यार्थिनी घेऊन आली. तिच्या आजीची. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. वाढदिवसाला बाहुली नव्यासारखी करून हातात द्यायची, सगळ्यांना चकित करायचं, असा नातवंडांचा बेत. दोऱ्या तुटून हात-पाय वेगळे झाले होते, ते पिशवीत घालून आणले होते. तोंड मळकट. पाठीवर जपानचा शिक्का. जपान १९४१ च्या डिसेंबरात युद्धात उतरल्यावर तिकडचा माल येणं थांबलं, म्हणजे बाहुली त्याआधीची. आजींचा जन्म १९३४ चा, हिशेब बरोबर जुळत होता.

हात-पाय जोडायला वेळ लागला नाही. सायकलच्या तारेचे छोटे आकडे केले, शिंप्याकडची गोल इलॅस्टिक दोरी ताणून ओवली. फार ताणायची नसते, जुनं सेल्युलॉइड ठिसूळ झालेलं असतं, खांद्याशी तडा जातो. मग तोंड घेतलं. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून हनुवटीपासून सुरुवात केली. राखाडी मळ सहज निघाला. गाल गुलाबी झाले. डोळ्यांशी आले आणि हात थांबला. छापलेले निळे डोळे, आणि त्यांच्या कडेनं काळी जाड रेघ. ही रेघ मळासारखी राखाडी नव्हती. भिंगाखाली तेलकट चमक दिसत होती, आणि ती पापणीच्या खाचेत नीट बसली होती. एका डोळ्यात जास्त, एकात कमी. हे काजळ होतं. कुणीतरी घरचं काजळ बोटानं घातलं होतं.

विद्यार्थिनीला म्हटलं, पुसायच्या आधी आजींना विचार. ती म्हणाली, "मग सरप्राइज कसलं, मॅडम?" मी म्हटलं, सरप्राइज राहू दे. शेवटी बाहुली घेऊन आम्ही दोघी टिळकवाडीतल्या त्यांच्या घरी गेलो. आजींना आता नीटसं दिसत नाही. त्यांनी बाहुली हातात घेतली, बोटांनी तिचं तोंड चाचपलं. मी काजळाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगे, ते पुसू नको. ते धाकटीनं घातलंय."

धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. रोज तिची आंघोळ झाली की आई तिच्या डोळ्यांत काजळ घाले, आणि बोटाला उरलेलं ती बाहुलीला घाले. १९४३ च्या पावसाळ्यात विषमज्वरानं ती गेली. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. वय सात. तिचा एकही फोटो घरात नाही, काढलाच नव्हता. घरात बसलेल्यांपैकी कुणालाही, अगदी आजींच्या मुलालाही, अशी एक मावशी होती हे धड माहीत नव्हतं. आजींनी कधी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या दीड तास बोलल्या. नात मोबाइलवर रेकॉर्ड करत होती.

वाढदिवसाला बाहुली अर्ध्या धुतलेल्या तोंडाची गेली. डोळ्यांभोवतीचा भाग मी तसाच सोडला. कपाळावरही काळसर टिकलीसारखं काही होतं, तेही सोडलं.

यात माझ्या नियमाचं काय झालं, बघा. मोडलं आणि झिजलं यांतला फरक भिंगाखाली दिसतो. पण मळ आणि काजळ यांतला फरक भिंगाखाली अर्धाच दिसतो, उरलेला माणसाला विचारावा लागतो. आणि विचारायची माणसं बाहुल्यांपेक्षा लवकर संपत चालली आहेत. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नगाबरोबर मी एक वही भरते. कुणाचं, कुठून आलं, कोण खेळलं, काय म्हणून हाक मारत, कशानं मोडलं. दुरुस्तीआधीचे फोटो चारही बाजूंनी. ज्या नगाची वही कोरी, त्याला मी शक्यतो हातच लावत नाही, नुसती धूळ झटकते.

दिल्लीत शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लै यांनी १९६५ मध्ये ते उभं केलं, देशोदेशीच्या साडेसहा हजारांच्या आसपास बाहुल्या तिथे आहेत. बघण्यासारखंच आहे. पण तिथल्या बाहुल्या काचेआड जन्मलेल्या, कुणी त्यांच्याशी भांडलेलं नाही. मला जास्त जवळचं वाटतं ते पुण्याचं केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती अशा हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तू जमवल्या, १९७५ मध्ये त्या सरकारला देऊन टाकल्या, आणि सगळ्याला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं.

या छंदात फसवणूकही भरपूर. नवा घोडा चहाच्या पाण्यात बुडवून, धुरावर धरून "शंभर वर्षं जुना, संस्थानी" म्हणून विकणारे आहेत. मी आधी बघते झीज कुठे आहे ते. पोर घोड्याला मानेशी धरतं, पाठीवर बसतं, कान पकडतं. झीज तिथेच हवी. पोटाखाली, पायांच्या आतल्या बाजूला, सगळीकडे सारखी झीज असेल तर ती पॉलिशकागदाची. दुसरं, स्क्रू बघावा. अधिकच्या खुणेचा स्क्रू १९३० च्या दशकात निघाला. तो मूळ जागी घट्ट बसलेला असेल तर शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली.

परदेशात हा छंद कुठल्या कुठे गेला आहे. माझ्या भाच्यानं अमेरिकेहून त्याच्या बायकोची लहानपणची प्लॅस्टिकची घोडी दाखवायला आणली होती. १९८० च्या दशकातली, गुलाबी अंगाची, जांभळ्या आयाळीची, हॅसब्रो कंपनीची माय लिट्ल पोनी. आपण ज्याला परवाचं प्लॅस्टिक म्हणतो तेही आता चाळिशीला आलं आणि संग्राह्य झालं. तिच्या शेपटीचं मूळ आत धातूच्या चकतीनं अडकवलेलं असतं. आंघोळ घातली की ती गंजते आणि गंज आतून प्लॅस्टिकवर उतरतो. तिकडचे हौशी लोक डोकं सोडवून ती चकती काढतात, आणि उडालेली आयाळ सुईनं भोकाभोकातून नवीन ओवतात. हात मानायला हवेत असं काम. भाचेसुनेनं मात्र आयाळ तशीच ठेवली आहे. पाच वर्षांची असताना तिनंच ती कात्रीनं कापली होती म्हणे, आणि त्यासाठी मार खाल्ला होता.

आता ज्यांच्या माळ्यावर असलं काही आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आपल्या बेळगावचा पाऊस लाकडाचा आणि कापडाचा वैरी आहे. खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. धुऊन खळ काढलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. सेल्युलॉइडची बाहुली डबाबंद नको आणि बाकीच्यांच्या शेजारीही नको. तिच्यातून निघणारी वाफ आम्लाची असते, शेजारच्यांच्या टाचण्या-बांगड्या गंजतात. डांबराच्या गोळ्या कुठल्याही प्लॅस्टिकजवळ ठेवू नयेत, काही प्लॅस्टिकं त्यानं मऊ पडतात. सत्तरीनंतरच्या रबरी-प्लॅस्टिकच्या बाहुल्या हाताला चिकट लागायला लागल्या तर पावडर फासू नका. त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येत असतो. त्यांना थंड जागी, एकमेकींना न चिकटता ठेवावं. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की सगळं एकदा बाहेर काढावं, सावलीत.

लाकडातून पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. त्या नगाला आधी वेगळं करा. कापडी बाहुलीला कसर लागली तर मात्र माझा उपाय फ्रीजचा. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, हवा काढून, उणे अठरा-वीस अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दंव धरतं. रंगवलेल्या लाकडाला हा प्रयोग नको, थर सुटतात.

सध्या आमच्या फ्रीजमध्ये ग्वाल्हेरहून आलेली एक चिंध्यांची बाहुली आहे. लष्करातल्या चुलत जावेनं पाठवलेली. तिकडे अक्षय्य तृतीयेला बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, त्यातली ही नवरी. नवरा हरवलाय. नवरीच्या पोटात कसर झाली होती, आणि पोट उसवलं तर आत कोंबलेल्या चिंध्यांत कुणाच्या तरी इरकली लुगड्याचा काठ निघाला. इरकली ग्वाल्हेरात कुठून आली, याची चौकशी जावेनं तिच्या सासूबाईंकडे लावली आहे. बाहुली येत्या रविवारी बाहेर निघेल. माझ्या सासूबाई मटार ठेवायला जागा कधी होणार म्हणून रोज विचारतात.